फोटोखालचं नाव

चंदनसार, १५ जानेवारी

लिडिया,

अक्षर ओळखलंस की तू पत्र बाजूला ठेवशील, म्हणून कामाचं आधी लिहिते. तुमच्या वाडीतली मागची खोली रिकामी आहे का? तुझा आलोशियस जिथे पंपाचं सामान ठेवतो ती. माझ्या ओळखीची एक बाई आहे, लतिका. तिला पहिलीतली मुलगी आहे, आर्या. त्या राहतात तिथे डोंगराच्या बाजूला पाण्याचे फार हाल आहेत, टँकर वेळेवर येत नाही. थोडे दिवस त्यांना दुसरीकडे राहायचंय. बाई शांत आहे, शिवण उत्तम येतं. तुला त्रास होणार नाही.

बहीण असून तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला दोन नाताळ झाले. तक्रार करत नाहीये. जेवायच्या टेबलावर सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "दुसऱ्यांचं दुःख गोऱ्या लोकांना विकून खातेस," आणि मी ताट तसंच ठेवून उठले. तुला व्हेरोनिका मावशीच्या फोटोचा राग होता. घरात गुडघाभर पाणी, आणि मावशी डोक्यावर तांदळाचा डबा धरून उभी. मी ज्या परदेशी संस्थेसाठी फोटो काढते तिच्या कॅलेंडरवर तो आला, अख्ख्या गावानं पाहिला, आणि मावशीनं तुला विचारलं, "मी भिकारीण दिसते का गं?" मला अजूनही तो फोटो चांगला वाटतो. असो. भांडायला लिहीत नाहीये.

पत्र धोंडूबाई आणेल. ती रोज तुमच्या बाजूची फुलं आणि केळफुलं घेऊन विरारला येते, माझ्या स्टुडिओसमोरच बसते. उत्तर तिच्याच हाती दे. पोस्टानं पाठवू नकोस. कागदावर गावाचं नावही घालू नकोस.

बाकी मी ठीक आहे.

फेलिशिया


चंदनसार, १८ जानेवारी

लिडिया,

धोंडूबाई म्हणाली, "वाचलं तिनं. परत घडी घातली, परत उघडलं, परत वाचलं. बोलली काय नाय."

पाण्याचं मी अर्धंच खरं लिहिलं होतं. टँकर येत नाही, पण लतिकाला त्यासाठी घर सोडायचं नाहीये. तिच्यामागे माणूस लागलाय. आणि तो तिच्यापर्यंत यायच्या आधी माझ्यापर्यंत आलाय.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी दुकानात मी एकटी होते. एक जण आत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चप्पल बाहेर काढून आला. माझ्याकडे कुणी चप्पल काढत नाही. काउंटरवर कागदाची पुडी ठेवली आणि म्हणाला, "तिळगूळ घ्या, गोड बोला. तुम्हीच फेलिशिया मॅडम ना?"

मग त्यानं मोबाईल पुढे केला. त्यात मी काढलेला फोटो होता. शिवणयंत्राच्या सुईखाली निळं कापड आणि त्यावर एका बाईचे दोन हात. परदेशातल्या कुठल्याशा ट्रामच्या थांब्यावर माणसाएवढं मोठं पोस्टर, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव. खरं सांगते, मला आधी आनंद झाला. फोटोखाली नाव घाला म्हणून मी त्या संस्थेच्या किती मागे लागले होते! लोकांचे फोटो छापतात आणि काढणाऱ्याचं नाव नसतं. या वर्षी पहिल्यांदा घातलं.

"आमच्या गावचा एक मुलगा तिकडे शिकायला आहे," तो म्हणाला. "पोस्टरवर इंडिया लिहिलेलं दिसलं म्हणून त्यानं गंमत म्हणून स्टेटसला टाकलं. नाव वाचून तुम्हाला शोधणं काही अवघड गेलं नाही. कोणाचे हात आहेत हो हे?"

मी म्हटलं, संस्थेचं काम आहे, आम्हाला नावं सांगता येत नाहीत.

"नाव मीच सांगतो. लतिका. माझी मिसेस."

मी म्हटलं, "चेहरा तर दिसत नाही. हात काय, कुणाचेही असतील."

लिडिया, तो रागावला नाही. फळ्यावरचं गणित दाखवावं तसं त्यानं बोट ठेवून दाखवलं. "डाव्या हाताची ही करंगळी बघा, आणि हे शेजारचं. बाहेरच्या बाजूला वळलेली. अशी कुणाची असतात का? चेहरा कशाला लागतो, मॅडम? ही बोटं मी चांगली ओळखतो."

त्याचं नाव दिनानाथ. घाटावरच्या एका गावात गणिताचे क्लास घेतो. मी काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "घाई नाही. मी आहे इथेच." जाताना चप्पल घालून परत वळला आणि म्हणाला, "तिळगूळ खाल्ला नाहीत."

तेव्हापासून तो समोरच्या चहावाल्याच्या बाकावर बसतो. आत्ताही बसलाय. पाठमोरी होऊन लिहितेय.

खोलीचं काय ते सांग. हो म्हण किंवा नाही म्हण, पण सांग.

फेलिशिया


चंदनसार, २२ जानेवारी

लिडी,

उत्तर नाही. तुला वाटत असेल, ही बाई पूर्वीसारखीच एक हृदयद्रावक गोष्ट घेऊन आलीय. म्हणून आज काही सजवत नाही. झालं तसं सांगते.

तो फोटो उतरवा म्हणून मी संस्थेला लिहिलं होतं. त्यांचं शिवणकेंद्र इथे डोंगराखाली आहे, लतिका तिथेच काम करते, शाळेची दप्तरं शिवते. तिनं आधीच सांगितलं होतं, चेहरा घेऊ नका. मी घेतला नाही. कागदावर तिचं नाव बदललं, गाव घातलं नाही, तिची सही घेतली, सगळं नियमाप्रमाणे. संस्थेच्या तिकडच्या ऑफिसातल्या बाईंचं उत्तर फार प्रेमळ आलं. नियमाप्रमाणे सगळं झालंय, म्हणजे बाई सुरक्षित आहे, असं त्यांचं म्हणणं. पोस्टर शहरभर लागून गेलीत. वेबसाइटवरचा फोटो काढायचा तर समितीपुढे विषय न्यावा लागेल. शेवटी लिहिलं होतं, या हातांनी कितीतरी लोकांना रडवलंय.

केंद्राचा सुपरवायझर फेबियन चांगला मुलगा आहे. म्हणाला, "मॅडम, लतिकाला मी घरीच थांबायला सांगितलंय. पण याच्यापुढे मी काय करणार? आमच्या प्रोजेक्टमध्ये हे कुठेच बसत नाही."

मी लतिकाला भेटायला गेले नाही. जाऊच शकत नाही. तो माझ्यामागे येईल. फेबियनच्या फोनवरून बोलले. तिला म्हटलं, बोटं दारात सापडली असं सांगितलं होतंस ना मला? ती म्हणाली, "ताई, बाहेरच्या खोलीत क्लासची मुलं बसली होती. मी त्यांच्यासमोर मिस्टरांना उलट बोलले. ते आत आले, माझा हात टेबलावर ठेवला आणि एक बोट मोडलं. मग म्हणाले, आवाज केलास तर दुसरं. मी आवाज केला. मग दुसरं मोडलं, आणि बाहेर जाऊन गणित पुढे शिकवलं."

पोलिसांत जाऊ या म्हटलं, तर म्हणाली, "तिकडे गेले होते एकदा. पोलिसांनी मिस्टरांनाच बोलावून त्यांच्यासोबत घरी पाठवलं."

आता कालचं सांगते. काल तो पुन्हा आत आला. म्हणाला, पासपोर्ट साइज फोटो काढायचेत. मी गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणू? स्टुलावर बसवलं, लाइट लावले. कॅमेरा डोळ्याला लावला, की समोरचं माणूस माझ्यासाठी फक्त उजेड आणि सावली होतं. इतकी वर्षं हेच माझं बळ. काल तसं झालं नाही. चौकटीत तो भरून होता आणि सरळ माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, हनुवटी थोडी खाली. तो म्हणाला, "तुमचे हात थरथरतायत मॅडम. फोटो हलेल."

मग अगदी सहज विचारलं, "लतिकाचा फोटो काढलात तेव्हा ती हसत होती का?"

आणि लिडी, माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, ती मशीनवर खाली बघत होती."

तो हसला. त्या फोटोत तो हसतोय. तेवढंच ऐकायला तो आला होता. आता त्याला पक्कं कळलंय, की मी तिला ओळखते. फोटो घेऊन गेला, आणि जाताना म्हणाला, "माझा मेहुणा मोबाईल कंपनीत आहे. नंबरावरून हल्ली सगळं निघतं. पण मला तसं करायचं नाही. तुम्ही स्वतःहून सांगाल."

तो मेहुणा खरा की खोटा, मला माहीत नाही. पण तेव्हापासून मी फोन बंद ठेवलाय. शटर अर्ध्यावर ओढून बसते. जिन्यात कुणी चढलं की हातातलं काम थांबतं. आज सकाळी दूधवाल्याच्या मुलीनं बेल वाजवली आणि मी मोरीत जाऊन उभी राहिले.

मला तुझ्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही. तू दोन नाताळ माझ्याशी बोलली नाहीस, हे विरारात सगळ्यांना माहीत आहे. मी तुझ्या घरी कुणाला पाठवीन असं कुणाच्या मनात येणार नाही. आपलं भांडण पहिल्यांदाच काहीतरी कामाला येईल.

फेलिशिया


चंदनसार, २५ जानेवारी

लिडी,

धोंडूबाई आज टोपली खाली ठेवायच्या आधीच बोलली. "लिडियाबाय म्हनली, पाठव. खोली झाडून ठेवलीय. पन कॅमेरा इथं आनायचा नाय, आनि तू पन यायचं नाय."

मला रडू आलं आणि हसूही आलं. तुझीच भाषा! कॅमेरा येणार नाही. मीही येणार नाही.

उद्या सव्वीस जानेवारी. शाळांच्या प्रभातफेऱ्या, झेंडे, रस्त्यावर मुलंच मुलं असतील. धोंडूबाईचा माल उतरवून टेम्पो रिकामा परत जातो, त्यात टोपल्यांच्या मागे दोघी बसतील. फेबियन त्यांना डोंगराखालच्या रस्त्यावर आणून सोडेल. मी त्या वेळी दुकान उघडून समोर बसणार आहे, म्हणजे तो माझ्यावर नजर ठेवून बसेल. मला एवढंच करायचंय. दिसत राहायचंय.

सोबतच्या पाकिटात दिनानाथच्या फोटोच्या प्रती आहेत. त्यानं स्टुडिओत काढून घेतला त्याच पासपोर्ट फोटोच्या. हा माझा गुन्हा असेल तर असू दे. तुला, आलोशियसला, बसस्टॉपजवळ राहणाऱ्यांना, चर्चच्या बायकांना दे. हा चेहरा गावात दिसला की एकमेकींना कळवा. त्याच्याशी कुणी एकटीनं बोलू नका. तो फार चांगला बोलतो.

आर्याबद्दल एक सांगायचं राहिलं. तिच्यासमोर कुणी आवाज चढवला तर ती रडत नाही. नुसती उभी राहते, आणि जागेवरच लघवी होते तिला. तिला रागावू नकोस. तू रागावणार नाहीस, मला माहीत आहे. तरी लिहिलं.

फेली


चंदनसार, ३० जानेवारी

लिडी,

हे पत्र धोंडूबाईकडून नाही, फेबियन मोटरसायकलवरून आणतोय. वाचून जाळून टाक.

प्रभातफेरीच्या दिवशी सगळं ठरल्यासारखं झालं. तो बाकावर होता, मी दारात. एका शाळकरी पोरीनं त्याच्या शर्टाला कागदी झेंडा टोचला, तो तिला "शाब्बास" म्हणाला. तेव्हाच टेम्पो मागच्या रस्त्यानं गेला असणार. त्यानंतरचे दोन दिवस मी जेवले. झोपलेसुद्धा.

मग बाक रिकामा झाला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो समोर होता तोवर कुठे आहे ते मला माहीत होतं. आता प्रत्येक पांढरा शर्ट तोच वाटतो.

आज कळलं. धोंडूबाई सहज सांगत होती, "तुझ्याकडं फोटो काढाया आलेला तो मास्तर, चांगला मानूस हाय गं. माझ्याकडून शेवंती घेतली. गाव कुठलं, वाडी कोनाची, टेम्पो कुठून येतो, सगळं प्रेमानं विचारलं. मला म्हनला, आजी, उन्हात बसता, पानी पीत जा."

मी तिला विचारलं, तू काय सांगितलंस? बिचारी घाबरली. "नंदाखाल म्हनलं गं. रोजच सांगते समद्यांना, नंदाखालची फुलं म्हनून."

तिला मी तो फोटो दाखवलाच नव्हता. म्हातारीला कशाला घाबरवा, असं वाटलं. गावभर वाटला आणि जी समोर बसते तिला दाखवला नाही.

माझी पत्रं तिच्या टोपलीतून आली, आणि आता त्याच टोपलीच्या मागून तो येईल. लिडी, त्या दोघींना तिथून हलव. लगेच. आणि तू दार उघडू नकोस. मी येऊ का? मी आले तर त्याला घर दाखवल्यासारखं होईल. नाही आले तर तू एकटी. फेबियन खाली हॉर्न वाजवतोय. काय करावं मला कळत नाही.

फेली


नंदाखाल, ३ फेब्रुवारी

फेली,

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून आलोशियस लिहितोय. मी सांगेन तेच लिहायचं, आपलं काही घालायचं नाही, असं त्याला बजावलंय. (बजावलंय. आ.)

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी त्या दोघींना हलवायचं ठरलं होतं, पण आर्याला ताप भरला. म्हटलं, एक दिवस थांबू. शनिवारी दुपारी व्हेरोनिका मावशीचा फोन आला. "लिडिया, फ्रिजवरचा माणूस बसमधून उतरलाय. हातात मिठाईचा बॉक्स. चर्चपाशी कुणाला तरी फुलांच्या वाड्या विचारतोय." तू पाठवलेला फोटो मावशीनं फ्रिजवर चिकटवला होता.

मी लतिकाला म्हटलं, चल, ऊठ. ती उठेना. खाटेच्या कडेला बसून राहिली. आर्या खाटेखाली. शेवटी आलोशियसनं पोरीला ओढून खांद्यावर घेतलं, तिच्या आईच्या हाताला धरलं, आणि केळींच्या मधून मागच्या रस्त्याला निघाला. स्कूटर तिकडे होती. मी सांगितलं, सरळ पोलीस ठाण्यात जा, मध्ये कुठे थांबू नको. रस्त्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याला कुणीतरी बसवून ठेवायला हवं होतं. म्हणून मी थांबले. दार उघडू नको असं तू लिहिलं होतंस. पण दार बंद दिसलं असतं तर तो घराला वळसा घालून मागेच गेला असता.

तो आला. चप्पल काढली. मी म्हटलं, बसा, चहा टाकते. मंद आचेवर टाकला. दूध जास्त घातलं, म्हणजे उकळायला वेळ लागेल. तो बोलत होता. बायको डोक्यानं जरा नाजूक आहे, मुलीचं शाळेचं वर्ष जातंय, आईनं अंथरूण धरलंय, मी बाप म्हणून दारोदार फिरतोय. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आणि फेली, अर्धा कप होईपर्यंत मला तो खरा वाटत होता. हे तुला सांगितलंच पाहिजे. मनात आलं, फेलीनं पुन्हा एकच बाजू दाखवली असेल का?

मग तो म्हणाला, जरा पाणी मिळेल? मी माठाकडे वळले, तेवढ्यात तो मागच्या खोलीत जाऊन आला. तिथे खाटेवर लतिकानं माझ्यासाठी शिवायला घेतलेला झगा पडला होता, सुई तशीच टोचलेली. तो परत आला तेव्हा चेहरा तसाच हसरा. माझा हात हातात घेतला, निरोप घेतात तसा. "ताई, कुठे आहेत त्या?" मी म्हटलं, कोण? तो म्हणाला, "मी एकदाच विचारतो." आवाज चढवला नाही. वर्गात सांगतात तसं सांगत होता. बोट मोडताना आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं.

मी अशी ओरडले की म्हणे चर्चपर्यंत ऐकू गेलं. मावशी आणि शेजारच्या बायका गल्लीत उभ्याच होत्या, हाक मारली तर जायचं म्हणून. काहींच्या हातात कोयते होते, केळी कापायला निघालेल्या. त्या आत आल्या तर तो खुर्चीत बसून उरलेला चहा पीत होता. पोलीस येईपर्यंत तसाच बसला. त्यांना म्हणाला, "बाई पाण्यावरून घसरल्या." त्यावर व्हेरोनिका मावशी पोलिसाला म्हणाली, "साहेब, जमीन हात लावून बघा. कोरडी आहे." तो खरंच वाकला आणि हात लावून बघितला.

लतिकानं ठाण्यात सगळं सांगितलं. पहिल्यापासून. आलोशियस बाहेर बाकावर बसला होता, पोर त्याच्या मांडीवर झोपलेली, ताप उतरलेला. (तिनं माझ्या शर्टाचं बटण तोडलं. आ.) बाई पोलीस होती, तिनं लिहून घेतलं. माझंही घेतलंय.

फोटोंबद्दल मी जे बोलले ते मागे घेत नाही. मावशी त्या दिवशी खरंच रडली होती. पण तू रविवारी ये. चर्चमधल्या मिस्सानंतर जेवायलाच ये. हात दुखतोय, आता पुरे.

लिडी


चंदनसार, १० फेब्रुवारी

लिडी,

काल समोरासमोर बसून मला काही बोलता आलं नाही. तू डाव्या हातानं भात कालवत होतीस आणि मी नुसती बघत होते. म्हणून लिहिते. आता हे पोस्टानं पाठवलं तरी चालेल.

तिकडच्या बाईंचं पत्र आलंय. समितीनं वेबसाइटवरचा फोटो उतरवला. फार वाईट वाटलं म्हणतात. खालच्या परिच्छेदात लिहिलंय, हातांच्या फोटोंना लोकांचा प्रतिसाद फार मोठा आहे, तर इतर बायकांचे असे आणखी काही मिळतील का? मी फेबियनला वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला. मी नाही म्हणून कळवलंय. पुढे काय करीन माहीत नाही. चर्चमधले मुलांच्या पहिल्या कम्युनियनचे, लग्नांचे फोटो आहेतच. एकदा वाटतं, डोंगराखालच्या त्या केंद्रात खरंच बायका शिवतात, कमावतात, ते कुणी दाखवायचंच नाही का? मग तुझ्या हाताचं प्लास्टर आठवतं.

आधी मी त्यांना लिहिणार होते, की जी पोस्टर अजून भिंतींवर आहेत त्यांवरचं माझं नाव तरी खोडा. कागद काढलासुद्धा. मग लक्षात आलं, माझं नाव नसेल तर पुढचा माणूस सरळ संस्थेचं नाव वाचून केंद्रावर जाईल, जिथे सगळ्या बायका बसतात. नाव असू दे. ज्याला यायचंय त्याला माझ्याच दुकानात येऊ दे.

वकील म्हणाले, त्याला जामीन मिळेल. आज नाही तर पुढच्या महिन्यात. मिळाला की तो इथे येईल, मला खात्री आहे. चप्पल काढून आत येईल, स्टुलावर बसेल. शटरला आतून नवीन कडी लावलीय. चहावाल्याला सांगून ठेवलंय. धोंडूबाई आता दुकानाच्या पायरीवरच बसते, कुणी प्रेमानं बोललं की त्याच्याकडे संशयानं बघते, त्यामुळे तिची गिऱ्हाइकं कमी झालीत. एवढं सगळं करूनही नजर समोरच्या बाकावरच जाते. परवा एका बाळाचा फोटो हलला.

काल निघताना तू मला ओट्यावर नेलंस. लतिका आणि आर्याला चर्चच्या सिस्टरांनी कुठे पाठवलं, कुठल्या गावी, कुणाकडे, ते तू सांगायला तोंड उघडलंस आणि मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. तुला राग आला. वाटलं असेल, एवढं सगळं करून आता हिला त्यांचं काही पडलेलं नाही. तसं नाहीये. तो माझ्यासमोर बसेल, तेव्हा माझ्या तोंडून पुन्हा काहीतरी निघून जाईल. मागे एकदा गेलंय. किंवा तो माझा हात हातात घेईल. लिडी, मी तुझ्यासारखी नाही. मी सांगून टाकीन. म्हणून मला ते माहीतच नको.

त्या कशा आहेत एवढंच कधीमधी सांग. आर्या शाळेत जाते का, लतिकाला मशीन मिळालं का. कुठे ते नको. दिशासुद्धा नको.

आणि आणखी एक. तो सुटला, दुकानासमोर दिसायला लागला, की घाबरून मीच तुला विचारीन. फोन करीन, रडीन, हट्ट धरीन, काहीतरी कारण सांगीन, तुला खरं वाटेल असं. तेव्हा मला सांगू नकोस. काहीही झालं तरी मला सांगू नकोस.

फेली